बॉस्कोबेलचा रॉयल ओक: राजा खरंच त्यात लपला होता का, आणि मूळ झाड गेलं कशानं

ज्यांनी प्रश्न विचारलाय ते भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन इंग्लंडमध्ये श्रॉपशायरमधल्या बॉस्कोबेल हाऊसला जाऊन आले. राजा चार्ल्स दुसरा ज्या ओकच्या झाडात लपून वाचला ते झाड बघायचं म्हणून गेले आणि तिथं कळलं की समोर उभं आहे ते ते झाड नाहीच, त्याचं पोर आहे, वर दोन-दोन कुंपणं असल्यामुळे हात लावायचीही सोय नाही. मग त्यांनी एकदम चार गोष्टी विचारल्यात. दोन मोठी माणसं दिवसभर एका झाडात बसली आणि सैनिकांना दिसली नाहीत हे शक्य तरी आहे का, ओक हजार वर्षं जगतो म्हणतात तर मूळ झाड मेलं कशानं, आत्ताचं झाड ते नाही हे कशावरून ठरवलं, आणि त्याला भेगा पडल्यात तर सिमेंट वगैरे भरून नीट का करत नाहीत. वडील म्हणाले, मग एवढ्या लांब बघायला कशाला आलो.

वडिलांच्या या प्रश्नासाठीच लांबलचक लिहितोय. मी इथं मिडलँड्समध्ये आर्बोरिस्ट आहे, म्हणजे झाडांवर चढणं, तपासणं, छाटणं, आधार देणं हे काम, आणि गेली बरीच वर्षं त्यातही जास्त करून म्हाताऱ्या ओकवरच. बॉस्कोबेलची गोष्ट इथं शाळेतल्या पोरांनाही माहिती असते, पण ती राजाची गोष्ट म्हणून सांगतात. झाडाच्या बाजूनं ती बघितली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी घटना पटकन सांगतो. चार्ल्सच्या बापाचा, पहिल्या चार्ल्सचा, १६४९ साली शिरच्छेद झाला. पोरगा स्कॉटलंडमधून सैन्य घेऊन उतरला आणि ३ सप्टेंबर १६५१ ला वूस्टरच्या लढाईत संसदेच्या सैन्याचा सेनापती क्रॉमवेल, त्यानं त्याचा पार धुव्वा उडवला. चार्ल्स तेव्हा २१ वर्षांचा. रातोरात पळून तो पहाटे व्हाइट लेडीज नावाच्या जुन्या मठाच्या जागी पोचला, तिथं पेंडरेल नावाच्या शेतकरी-लाकूडतोड्या भावांनी त्याचे केस कापले, जाडेभरडे कपडे घातले, चेहऱ्याला काळं फासलं. एक अख्खा दिवस रानात पावसात भिजत काढला, मग रिचर्ड पेंडरेलला घेऊन रात्री वेल्सकडे निघाला, पण सेव्हर्न नदी ओलांडायच्या सगळ्या जागांवर पहारे. परत फिरले, पाय सोलवटलेले, आणि ६ सप्टेंबरला बॉस्कोबेलला आले. तिथं त्याच्याच सैन्यातला कर्नल विल्यम केअरलेस आधीच लपलेला होता. राजाला पकडून देणाऱ्याला १००० पौंडांचं बक्षीस लागलं, म्हणजे पेंडरेल भावांच्या सात पिढ्या बसून खातील एवढी रक्कम. कोणीही तोंड उघडलं नाही.

आता झाडाकडे येऊ. हे सगळं आपल्याला राजाच्या स्वतःच्या तोंडून माहिती आहे, कारण १६८० मध्ये न्यूमार्केटला सॅम्युअल पीप्सनं, तोच तो रोजनिशीवाला पीप्स, राजाला बसवून ही हकिकत शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतली. त्यात झाडाबद्दल जेमतेम दोन-तीन वाक्यं आहेत, पण माझ्यासारख्याला ती सोन्यासारखी आहेत. केअरलेस त्याला म्हणाला की घरात थांबणं धोक्याचं आणि रानात जाणं त्याहून धोक्याचं, कारण शत्रू रान नक्की धुंडाळणार, त्यापेक्षा एक मोठा ओक आहे, बऱ्यापैकी मोकळ्या जागेत, चारी बाजूंना नजर जाईल असा, त्यात चढून बसू. आणि पुढं राजा सांगतो की तो ओक तीन-चार वर्षांपूर्वी छाटलेला होता आणि परत फुटून इतका दाट, झुडपासारखा झाला होता की आरपार दिसत नव्हतं.

"छाटलेला आणि परत फुटलेला." सगळी गुरुकिल्ली इथं आहे. याला इकडं पोलार्ड म्हणतात. बुंधा जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, म्हणजे गाईगुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर, छाटायचा, फांद्या सरपणाला, कुंपणाला, कोळशाला न्यायच्या, आणि पुन्हा धुमारे फुटू द्यायचे. काही वर्षांनी परत तेच. आपल्याकडे मावळात, कोकणात भाताच्या राबासाठी ऐन छाटतात ना, बुंधा तसाच आणि वर नुसता पाल्याचा झुबका, ते ज्यानं बघितलंय त्याला पोलार्ड वेगळा समजावून सांगायला नको. फक्त इथं हे शतकानुशतकं ओकवर चाललं.

आता तीन-चार वर्षांचं अंतर का महत्त्वाचं ते सांगतो. छाटल्यावर पहिल्या वर्षी नुसते हिरवे दांडके उभे राहतात, त्यात मांजरही लपणार नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्यातले पाच-सहा जोरदार धुमारे बाकीच्यांना दाबून टाकतात, जाड फांद्या होतात आणि मध्ये मोकळी जागा पडते, खालून आकाश दिसायला लागतं. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी धुमाऱ्यांची गर्दी जवळपास सगळीच शिल्लक असते, प्रत्येकाला फुटवे आलेले असतात आणि वरून जुलै-ऑगस्टमध्ये ओकला नव्या पालवीची दुसरी लाट येते ती वेगळीच. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार वर्षांचा पोलार्ड जितका गच्च असतो तितका गच्च इंग्लंडच्या रानात दुसरा कुठलाही ओक नसतो. केअरलेस याच भागातला माणूस होता, त्याला हे झाड कधी छाटलं होतं हे माहिती असणारच, आणि त्यानं शेकडो झाडांतून नेमकं हे निवडलं यात मला नशीब कमी आणि गावच्या माणसाची नजर जास्त दिसते.

दुसरी गोष्ट बसायची. उंच सरळ वाढलेल्या रानातल्या ओकवर माणूस दिवसभर बसूच शकत नाही, खालची पहिली फांदीच घराएवढ्या उंचीवर असते आणि ती पण आडवी नसते. पोलार्डचं डोकं मात्र वेगळं असतं. पुन्हापुन्हा एकाच जागी छाटून तिथं गाठींचा मोठा चबुतरा तयार होतो. मी अशा डोक्यांत उभं राहून कामं केली आहेत, आजूबाजूनं मनगटाएवढे धुमारे उभे, मध्ये वाटीसारखा खोलगट भाग, त्यात वर्षानुवर्षांचा पाला कुजून झालेली काळी माती, तिच्यात नेचे उगवलेले, कधीतरी पक्ष्यानं टाकलेल्या बीपासून आलेलं रोवनचं रोपटंसुद्धा, आणि घुबडानं टाकलेल्या उंदरांच्या हाडांच्या गोळ्या. जुन्या मोठ्या पोलार्डच्या डोक्यात दोन माणसं आरामात पाय दुमडून बसतात, आणि खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याला मी दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. त्यामुळे "शक्य आहे का" याचं माझं उत्तर: हो, आणि राजानं जे वर्णन केलंय तसंच असेल तर अगदी सहज शक्य आहे.

सहज म्हणजे सुखानं नाही हां. राजा सहा फुटांच्या वर उंच, दोन-तीन रात्री झोप नाही, वर जाताना ब्रेड, चीज आणि हलकी बिअर एवढंच बरोबर घेतलेलं. तो केअरलेसच्या हातावर डोकं ठेवून झोपला आणि केअरलेसचा हात इतका बधिर झाला की राजाला धरून ठेवता येईना, जोरात हाक मारावी तर खाली सैनिक, म्हणून शेवटी त्यानं राजाला चिमटा काढून उठवलं. पानांतून त्यांना रानाच्या कडेनं शोधत फिरणारे सैनिक दिसत होते. मोकळ्या जागेतलं झाड निवडल्याचा फायदा तो हाच. रात्री उतरून घरातल्या कॅथलिक पाद्र्यांना लपवायच्या चोरकप्प्यात राजा झोपला, जो तुम्ही घरात बघितला असेल. तिथून पुढं जवळजवळ सहा आठवडे लपतछपत १६ ऑक्टोबरला तो फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला.

आता मूळ झाड गेलं कशानं. वीज नाही, कीड नाही, कुऱ्हाडीचा सरकारी हुकूमही नाही. प्रेमानं गेलं. हे मी अलंकारिक बोलत नाहीये, अगदी शब्दशः सांगतोय.

१६६० मध्ये राजेशाही परत आली आणि राजा २९ मे ला, त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये मिरवत शिरला. तो दिवस ओक अ‍ॅपल डे म्हणून सुट्टीचा झाला, लोक टोपीला ओकची डहाळी लावायला लागले, ती अधिकृत सुट्टी १८५९ पर्यंत चालली. राजा स्वतःच ही गोष्ट येईल त्याला सांगायचा. केअरलेसला नवीन आडनाव मिळालं, कार्लोस, आणि कुलचिन्हात ओक. पेंडरेल घराण्याला कायमचं पेन्शन बांधून दिलं, जे वंशजांना अजूनही मिळतं. हॅली, धूमकेतूवाला, त्यानं दक्षिणेच्या आकाशात राजाच्या ओकच्या नावानं एक तारकासमूहच बसवला, तो पुढं टिकला नाही ती गोष्ट वेगळी. युद्धनौकांना रॉयल ओक नाव द्यायची पद्धत पडली, त्यातली एक १६६७ मध्ये डचांनी मेडवे नदीत जाळली, शेवटची १९३९ मध्ये स्कापा फ्लोला जर्मन पाणबुडीनं बुडवली, आठशेच्या वर माणसं गेली. आणि पब तर तुम्हाला गल्लोगल्ली दिसत असतील, रॉयल ओक हे इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या पबच्या नावांपैकी एक आहे, पाटीवर झाडाच्या फांद्यांत मुकुट काढलेला असतो.

आता एवढी कीर्ती झाल्यावर त्या एकट्या झाडाचं काय होणार. लोक लांबून यायचे आणि आठवण म्हणून एक तुकडा न्यायचे. कोणी फांदी, कोणी साल, कोणी सुरीनं काढलेली चिपटी. त्या लाकडाच्या तपकिरीच्या डब्या, छोट्या पेट्या बनायच्या. त्याच काळात झाडांवर लिहिणारा जॉन एव्हलिन नोंदवून गेलाय की लोकांनी फांद्या आणि साल ओरबाडत ओरबाडत ते झाड मारलं. सतराशेच्या सुरुवातीला विल्यम स्टूकली नावाचा जुन्या वास्तूंचा अभ्यासक तिथं गेला तेव्हा झाडाभोवती विटांची भिंत बांधलेली होती आणि बघायला येणाऱ्यांनी ते जवळपास संपवलेलं होतं. म्हणजे क्रॉमवेलच्या सैन्याला जे झाड सापडलं नाही ते राजाच्या चाहत्यांनी साठेक वर्षांत संपवलं. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

साल काढल्यानं झाड का मरतं हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या देवळातल्या झाडांनाही हेच लागू आहे. झाडाचं जिवंतपण सालीच्या लगेच आत असतं. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे जाते ती सालीच्या आतल्या थरातून, आणि त्याच्या आत कागदाएवढा पातळ एक थर असतो ज्यातून दरवर्षी नवं लाकूड आणि नवी साल तयार होते. बोटभर रुंद पट्टी काढली तर झाड बाजूनं गुंडाळी करून ती जखम झाकत आणतं, त्याला वर्षं लागतात पण जमतं. पण एक पट्टी भरायच्या आत शेजारची निघाली, मग त्याच्या शेजारची, की हळूहळू पट्ट्या एकमेकींना मिळतात आणि बुंध्याभोवती कडं पूर्ण होतं. मुळांना खायला जात नाही. मुळं एकदोन वर्षं साठ्यावर काढतात, वर पानं छान दिसत राहतात, लोकांना वाटतं झाडाला काही झालेलं नाही. आणि मग एका वसंतात पालवी येतच नाही. त्यात पोलार्डचे धुमारे तोडले की अन्न बनवणारी पानंच गेली. म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून उपासमार.

आणि पोलार्ड हा साधारणपणे न छाटलेल्या ओकपेक्षा जास्त जगतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. शेंडा लहान राहतो, वाऱ्याचा मार कमी, मुळांपासून पानांपर्यंतचं अंतर कमी, त्यामुळे झाड स्वतःच्या वजनानं फाटत नाही. इंग्लंडमधले पाचशे-सातशे वर्षांचे जे ओक उभे आहेत त्यांतले कितीतरी पोलार्ड आहेत. बॉस्कोबेलचा ओक १६५१ मध्ये "मोठा" होता, धरून चला दोनशे-अडीचशे वर्षांचा, तर आज सहाशेच्या घरात असता आणि ते या जातीला काही अशक्य वय नाही. ड्रायडन, जो याच राजाचा राजकवी होता, त्यानं १७०० मध्ये लिहिलंय की ओक तीन शतकं वाढतो, तीन शतकं दिमाखात उभा राहतो आणि आणखी तीन शतकं झिजत जातो. कवीनं केलेला हिशोब आहे, पण आमच्या धंद्यात सगळे तो सांगतात कारण तो फार चुकीचा नाही. म्हणजे मूळ झाड आज तुमच्या वडिलांना बघता आलं असतं अशी दाट शक्यता होती.

मग समोर आहे ते काय. स्टूकलीनं त्याच नोंदीत लिहिलंय की मोडक्या झाडाच्या अगदी शेजारी त्याच्याच फळापासून आलेलं एक टवटवीत रोप वाढतंय. आत्ताच्या झाडाचं वय तज्ज्ञ २०० ते ३०० वर्षं धरतात. ते तेच रोप असेल तर तीनशेच्या जरा वर, त्यामुळे दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी जुळतात.

झाड न कापता वय कसं काढतात तेही सांगतो. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, आणि फॉरेस्ट्री कमिशनच्या जॉन व्हाइटनी १९९८ मध्ये दिलेली एक पद्धत वापरतात. त्यातला मुद्दा असा की तरुणपणी झाड दरवर्षी साधारण सारख्या जाडीचं कडं चढवतं, पण एकदा शेंडा पूर्ण पसरला की पानं वाढायची थांबतात, म्हणजे दरवर्षी मिळणारं लाकूड ठरावीक, आणि तेवढंच लाकूड आता जास्त मोठ्या घेरावर पसरायचं, म्हणून कडी बारीक बारीक होत जातात. त्यामुळे दुप्पट घेर म्हणजे दुप्पट वय असा हिशोब चालत नाही, वय त्याहून खूप जास्त निघतं. जागा कशी, माती कशी, मोकळ्यात वाढलं की गर्दीत, हे बघून आकडे बदलावे लागतात. पोलार्डला तर आणखी जपून, कारण दर छाटणीनंतर काही वर्षं कडी एकदम बारीक असतात, घेरावरून झाड आहे त्यापेक्षा तरुण वाटतं. ड्रिल करून कडी मोजता येतात, पण जुन्या ओकचा गाभा पोकळ असतो, म्हणजे सगळ्यात जुनी कडी आतून गेलेलीच असतात, आणि त्यासाठी झाडाला भोक पाडणं मला तरी पटत नाही. म्हणून वय नेहमी अंदाजानंच सांगतात, आणि जो कोणी "हे झाड अमुक साली उगवलं" असं ठामपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

एक बारकावा. फळापासून आलेलं झाड म्हणजे पोर असतं, नक्कल नसते. ओकचं परागण वाऱ्यानं होतं, त्यामुळे आई मूळ रॉयल ओक असली तरी बाप आसपासचा कुठलाही ओक असू शकतो. नक्कल हवी असेल तर कलम करावं लागतं. पुण्यात आयुकाच्या आवारात न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाची कलमं आणून लावली होती, ती त्या अर्थानं तेच झाड होती. बॉस्कोबेलला सतराव्या शतकात कोणी कलम केलं नाही. पण पुढची पिढी चालू आहे, २००१ मध्ये घटनेला ३५० वर्षं झाली तेव्हा प्रिन्स चार्ल्स, म्हणजे आत्ताचे राजे, त्यांनी या झाडाच्या फळापासून केलेलं रोप तिथं लावलं. चार्ल्स दुसऱ्याच्या झाडाचा नातू चार्ल्स तिसऱ्यानं लावला.

आता भेगा आणि सिमेंट. हे झाड २००० सालच्या वादळात बरंच मोडलं, आणि २०१० मध्ये त्यात मोठ्या, धोकादायक भेगा सापडल्या. म्हणून बाहेरचं दुसरं कुंपण आलं. लोकांच्या डोक्यावर फांदी पडू नये हा त्याचा पहिला हेतू, पण त्यामुळे मुळांवरचं पाऊलही थांबलं, आणि मला विचाराल तर ते जास्त मोलाचं.

पोकळ झाड म्हणजे आजारी झाड असं आपल्याला वाटतं, ते ओकच्या बाबतीत तरी सोडून द्या. झाडाचा गाभा मेलेल्याच लाकडाचा असतो, तो बुरशी हळूहळू खाते आणि त्यातलं पोषण परत मुळांपाशी येतं. माझ्या आवडीची बुरशी बीफस्टेक नावाची, शरद ऋतूत ओकच्या बुंध्यावर कच्च्या काळजाच्या तुकड्यासारखी लोंबते, कापली तर आतून लाल रस गळतो. पहिल्यांदा बघणारे घाबरतात. ती गाभा तपकिरी करते, फर्निचरवाले तर त्या तपकिरी ओकसाठी जास्त पैसे मोजतात, आणि झाड तिच्यासोबत शे-दोनशे वर्षं निवांत काढतं. बाहेरची भिंत पुरेशी जाड असली की पोकळ खोडही चांगलं मजबूत असतं.

पूर्वी ढोलीत सिमेंट, विटा, डांबर भरायचे, विसाव्या शतकात ती मोठी फॅशन होती. आता कोणी जाणता माणूस करत नाही. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, दोघांच्या मध्ये घासून नवी जखम होते, पाणी अडकतं, आणि आतल्या भिंतीचं काय चाललंय ते आपल्याला दिसेनासं होतं. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या संशोधकानं हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम बरी करत नाही, ते तिच्याभोवती आतून भिंत घालून तिला वेगळी पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. आपण खरवडून, साफ करून, भरून ती भिंतच फोडतो. मी जुन्या ओकच्या पोटातून सिमेंट काढायची कामं केलीत, आत बहुतेक वेळा काळा चिखल असतो.

मग करतात काय. वरून थोडं थोडं, अनेक वर्षांत विभागून वजन कमी करतात, एकदम मोठी छाटणी नाही, कारण म्हातारं झाड पोलार्डसारखी कचाकच छाटणी सोसत नाही, ती सवय लहानपणापासून लागते. झाड स्वतःच शेंडा वाळवून खाली नवा छोटा शेंडा करायला लागतं, हरणाच्या शिंगांसारख्या वाळक्या फांद्या वर आणि खाली हिरवा घुमट, तर त्याला त्यात मदत करायची. बाकी बहुतेक काम जमिनीत. ओकची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या सावलीच्या बरीच बाहेरपर्यंत जातात. इथल्या नियमाप्रमाणे म्हाताऱ्या झाडाभोवती बुंध्याच्या व्यासाच्या १५ पट अंतर राखून ठेवायचं. लोकांच्या पायानं माती दबते, तिच्यातली हवा आणि पाणी जातं, मुळं आणि त्यांच्याबरोबर राहणारी बुरशी गुदमरते. शेरवुडच्या जंगलातला रॉबिन हूडचा म्हणून प्रसिद्ध असलेला मेजर ओक, त्याला व्हिक्टोरियन काळापासून इतके लोक बघायला येत राहिले की त्यालाही विसाव्या शतकात कुंपण घालावं लागलं, तोपर्यंत माती दगडासारखी झाली होती. बॉस्कोबेलला सुरीनं जे झालं ते शेरवुडला बुटांनी झालं. दबलेली माती आम्ही जोरदार हवेच्या झोतानं मोकळी करतो, म्हणजे मुळं तुटत नाहीत, आणि वर लाकडाच्या चिप्सचा थर पसरतो. दिसायला अगदी साधं काम, फोटोत काहीच येत नाही, पण झाडाला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

तर तुमच्या वडिलांना माझ्याकडून एवढं सांगा. त्यांनी जे बघितलं ते राजाला लपवणारं झाड नव्हतं हे खरं, पण त्या झाडाला लोकांनी जे केलं त्यातून शिकून ज्याला दोन-तीनशे वर्षं जपलं असं झाड होतं, आणि जवळ जाऊ दिलं नाही म्हणूनच ते बघायला मिळालं. मला तरी ते मूळ झाडाइतकंच मोलाचं वाटतं.

आणि १६५१ मध्ये जिवंत असलेला ओकच बघायचा असेल तर इंग्लंडमध्ये तुटवडा नाही, युरोपात इतके म्हातारे ओक एका देशात दुसरीकडे सापडणं अवघड आहे. लिंकनशायरमध्ये बोर्नजवळ बोथॉर्पचा ओक आहे, घेर १२ मीटरच्या वर, आतून पूर्ण पोकळ, एकेकाळी लोक त्याच्या पोटात बसून जेवणं करायचे. तो खासगी शेतात आहे, जायच्या आधी वेळ बघून जा. विंडसर ग्रेट पार्कात कित्येक आहेत, शेक्सपिअरच्या नाटकातला शिकारी हर्नचा ओक याच विंडसरचा, तो मात्र गेला, जागेवर १९०६ मध्ये लावलेला आहे. हेरफर्डशायरमध्ये क्रॉफ्ट कॅसलच्या आवारातले जुने ओक तुम्हाला बॉस्कोबेलहून एका दिवसात करता येतील, आणि वडिलांना बागेत फिरायची आवड असेल तर मी तेच सुचवेन. जाताना रस्त्याच्या कडेच्या शेतांत बघत चला, माणसाच्या डोक्याच्या जरा वर एकदम जाड, गाठाळ झालेला बुंधा आणि तिथूनच सगळ्या फांद्या एकदम वर गेलेल्या दिसल्या की तो जुना पोलार्ड. शक्य असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा, त्या दिवसांत पानं किती गच्च असतात ते बघितलं की केअरलेसची निवड त्यांना लगेच पटेल.